कूपे म्हणजे नक्की काय? खोली, डबा, मोटार की कपाट?

तिठ्यावरची

गेल्या महिन्यात आई-बाबा पहिल्यांदाच फर्स्ट एसीने मुंबईहून दिल्लीला गेले. बाबांच्या पंच्याहत्तरीनिमित्त आम्ही भावंडांनी तिकिटं काढली होती. चार्ट लागला तेव्हा कळलं की कूपे मिळालाय. गाडीने बोरिवली सोडली आणि लगेच आईचा व्हिडिओ कॉल आला. "अगं, दोघांनाच अख्खी खोली! दाराला आतून कडीसुद्धा आहे. पण समोर बाकच नाही बघ, नुसती भिंत. समोर कुणी माणूस नाही, गप्पा कुणाशी मारायच्या?"

मी बाझेलला राहते. हे स्वित्झर्लंडमधलं गाव फ्रान्स आणि जर्मनीच्या हद्दीला अगदी चिकटून आहे. ऑफिसात रोज सीमा ओलांडून फ्रान्समधून येणारे लोक आहेत, एक रशियन बाई आहेत, एक डच मुलगा आहे. दुसऱ्या दिवशी जेवताना मी कौतुकाने सांगितलं, "आईबाबांना रात्रीच्या प्रवासाला कूपे मिळाला." फ्रेंच मैत्रिणीने विचारलं, "अरे वा, कोणत्या कंपनीची?" तिला वाटलं बाबांनी दोन दारांची मोटार भाड्याने घेतली. रशियन बाईंनी काळजीने विचारलं, "मग उरलेले दोघं कोण होते? बरे होते ना?" डच मुलाला तर यात सांगण्यासारखं काय आहे तेच कळेना, कारण त्याच्या रोजच्या लोकलमध्येही कूपेच असतात.

चौघांनी तोच शब्द, जवळजवळ त्याच उच्चाराने वापरला, आणि चौघांच्या डोळ्यांपुढे चार वेगळ्या वस्तू. तेव्हापासून या शब्दाने माझ्या डोक्यात घर केलंय. जेवढं हाती लागलं ते इथे मांडते, पुढे तुम्ही भर घाला.

फ्रेंचमध्ये 'कूपे' म्हणजे कापलेला किंवा कापलेली. (आपल्या 'कापणे'शी आवाज जुळतो तो निव्वळ योगायोग. फ्रेंच क्रियापद 'कू' म्हणजे फटका यावरून आलं, आणि तो शब्द लॅटिनमार्गे ग्रीक 'कोलाफोस'पर्यंत जातो. त्याचा अर्थ ठोसा.) पण कापलं काय? घोडागाडी. समोरासमोर दोन बाकं असलेली चौघांची बंद गाडी डोळ्यांपुढे आणा. तिचा पुढचा अर्धा भाग कापून टाकला की एकच बाक उरतं, दोघांपुरतं, तोंड पुढे. हीच 'कापलेली गाडी', म्हणजे कूपे. हलकी, आटोपशीर आणि खासगी.

पुढे फ्रान्समध्ये लांब पल्ल्याच्या टपालगाडीला, म्हणजे दिलिजांसला, वेगवेगळे कप्पे असत. त्यातल्या सगळ्यात पुढच्या, एकाच बाकाच्या, समोर खिडकी असलेल्या आणि सगळ्यात महाग कप्प्यालाही कूपे म्हणू लागले. मग रेल्वे आली. सुरुवातीचे डबे म्हणजे घोडागाड्यांचे सांगाडे एकामागे एक जोडल्यासारखेच दिसत, त्यामुळे घोडागाडीचे शब्दही रुळांवर चढले. आणि इथून पुढे प्रत्येक भाषेने आपापल्या स्टेशनावर हा शब्द उतरवून घेतला.

जर्मन, डच, स्वीडिश, डॅनिश, रशियन, बल्गेरियन, सर्बियन, चेक या सगळ्यांनी तो आगगाडीतून घेतला. तिथे अर्थ पसरला: टोकाचा अर्धा कप्पा राहिला नाही, डब्यातला कुठलाही कप्पा कूपे झाला. इंग्रजांनी मात्र रेल्वेतही मूळ अर्थ राखला. डब्याच्या टोकाला एकाच बाजूला बाक असलेला अर्धा कप्पा, तोच त्यांचा कूपे. फ्रेंचांनी रेल्वेच्या कप्प्याला 'कोंपार्तिमाँ' हा शब्द कायम केला आणि कूपे मोटारीला देऊन टाकला. आज पॅरिसच्या स्टेशनात कुणाला विचारलंत की माझा कूपे कुठाय, तर तो तुम्हाला बाहेर पार्किंगकडे पाठवेल.

डच लोकांचं मला सगळ्यात नवल वाटतं. त्यांच्या आजच्या बहुतेक गाड्या आतून सलग मोकळ्या असतात. कप्पे नाहीत, दारं नाहीत, काही कापलेलं नाही. तरी शांत बसायच्या भागाला ते 'स्टिल्टेकूपे' म्हणतात, म्हणजे शांततेचा कूपे. भिंती गेल्या आणि नाव राहिलं.

कुठला अर्थ बरोबर, असं विचारण्यात मला अर्थ वाटत नाही. ज्या भाषेने हा शब्द ज्या वाहनातून घेतला त्या वाहनाचा आकार त्या अर्थाला आला, एवढंच. फक्त एका गोष्टीचा उलगडा होत नाहीये: आपल्या रेल्वेतला कूपे दोघांचाच का? जाणकारांनी सांगावं.

शब्दकुतूहल

फार सुंदर धागा. मी पुण्यात फ्रेंच शिकवते. एक छोटी पुरवणी: दिलिजांसच्या कूपेमध्ये तिघं बसत, दोघं नव्हे. मागे 'अँतेरिअर' म्हणजे आतला कप्पा, तिथे सहा जण समोरासमोर. सगळ्यात मागे 'रोतोंद', आणि छपरावरची जागा स्वस्त.

आता या शब्दाची भावंडं सांगते, कारण गंमत तिथे आहे. त्याच क्रियापदापासून 'कूपाँ' झाला, म्हणजे कापून काढलेला तुकडा. कापडाच्या दुकानात ठाणातून उरलेला तुकडा म्हणजे कूपाँ. आपल्या लक्ष्मी रोडवर त्याला कटपीस म्हणतात, अगदी तोच माल. युरोपभर कर्जरोख्यांना व्याजाच्या छोट्या चिठ्ठ्या जोडलेल्या असत. दर मुदतीला एक चिठ्ठी कात्रीने कापायची, बँकेत द्यायची, व्याज घ्यायचं. ती चिठ्ठीही कूपाँ. आज रोखे संगणकात असतात, कात्री कुणाच्या हातात नाही, तरी व्याजदराला 'कूपन रेट' म्हणतात.

आणि 'कूप्यूर'. फ्रेंचमध्ये वीज गेली तर कूप्यूर, वर्तमानपत्राचं कात्रण तेही कूप्यूर, आणि 'लहान कूप्यूर' म्हणजे कमी किमतीच्या नोटा. वर्गात मी मुलांना हे तिन्ही अर्थ एकत्र देते आणि मराठीत प्रत्येकाला वेगळा शब्द शोधायला लावते. 'कात्रण' पटकन येतं, मग सगळे विजेपाशी अडतात. "लाईट गेली" यात कापणं कुठेच नाही ना.

सोलापुरी_डॉक्टर

वरचं 'कूप्यूर' वाचून राहवलं नाही. रशियनमध्ये 'कुप्यूरा' म्हणजे नोट. रोजच्या बोलण्यात तरी फक्त नोट! दुकानदार मोठी नोट पाहून कुरकुरायचा तेव्हा हाच शब्द कानावर यायचा. म्हणजे रशियनने फ्रेंचच्या तीन अर्थांतला एकच उचलला आणि बाकी दोन तिथेच सोडले.

मी वैद्यकीय शिक्षणासाठी सहा वर्षं रशियात होतो. तिथल्या गाडीत आम्हा विद्यार्थ्यांपुढे कायम एकच प्रश्न: कूपे की प्लात्सकार्त? कूपेच्या डब्यात नऊ कप्पे, प्रत्येकात चार बर्थ, एकूण छत्तीस माणसं आणि प्रत्येक कप्प्याला सरकतं दार. प्लात्सकार्त म्हणजे आपल्या स्लीपरसारखा उघडा डबा, चोपन्न माणसं, आणि तिकीट स्वस्त. (हा शब्द जर्मन, मूळ अर्थ जागेचं तिकीट.) दोन बर्थचा कप्पा तिथेही आहे, पण त्याला कूपे म्हणत नाहीत, 'एस-वे' म्हणतात. त्यामुळे ताई, तुमच्या सहकारी बाईंनी उरलेले दोघं कोण असं विचारलं ते अगदी बरोबर. तिथे कूपे म्हटला की अनोळखी दोघं आलेच, आणि रात्रभराच्या प्रवासात त्यांच्याशी काकडी, उकडलेली अंडी, चहा वाटून खाणं आलंच. चहा काचेच्या पेल्यात, आणि पेला धातूच्या नक्षीदार कडीत बसवलेला. डब्याच्या टोकाला गरम पाण्याची टाकी असते, तिथून हवं तेव्हा पाणी घ्यायचं.

पण माझी खरी आठवण वेगळी आहे. दुसऱ्या वर्षी होस्टेल सोडून एका आजीबाईंच्या घरात खोली घेतली. पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या, "सामान श्काफ-कूपेमध्ये ठेव." मला 'श्काफ' म्हणजे कपाट माहीत होतं आणि कूपे म्हणजे रेल्वेतला कप्पा. दोन्ही मिळून काय, ते कळेना. मी बॅगा घेऊन दारातच उभा. त्यांनी हात धरून भिंतीपाशी नेलं आणि एक उंच फळी बाजूला सरकवली. आत कपडे टांगायची दांडी! सरकत्या दाराचं कपाट म्हणजे श्काफ-कूपे. दार रेल्वेच्या कूपेसारखं सरकतं म्हणून ते नाव. घोडागाडी नाही, बाक नाही, प्रवास नाही. शब्दाचा उरला फक्त सरकण्याचा आवाज.

तिठ्यावरची

डॉक्टर, अंगावर काटा आला. आज ऑफिसात त्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या की त्यांच्या आईकडेही तेच कपाट आहे आणि या नावात काही विशेष असेल असं त्यांना कधी वाटलंच नव्हतं.

उत्तररात्र

स्टॉकहोमहून. स्वीडिशमध्ये 'कुपे' रेल्वेतला कप्पा तर आहेच. रात्रीच्या गाडीत फक्त बायकांसाठी 'दामकुपे' मिळतो. पण इथे मोटारीतही कुपे आहे, आणि फ्रेंच अर्थाने नाही! मोटार कुठलीही असो, चार दारी असो की स्टेशन वॅगन, माणसं बसतात ती आतली जागा म्हणजे कुपे.

हिवाळ्यात आमच्या सकाळीच या शब्दाने सुरू होतात. गाडीत एक छोटा हीटर असतो, त्याचं नाव 'कुपेवेर्मारे', म्हणजे कुपे गरम करणारा. रात्री गाडीला विजेची वायर लावायची, टायमर लावायचा. सकाळी बाहेर उणे पंधरा असलं तरी आत काचेवरचं बर्फ वितळलेलं असतं. मुलाला पाळणाघरात सोडताना तो आधी सीटला हात लावून बघतो, गरम आहे की नाही. आठ वर्षं हा शब्द रोज उच्चारतेय, पण तो आणि आपल्या फर्स्ट एसीतला कूपे एकच, हे आज कळलं.

कारवेडा

मोटारींबद्दल थोडं. सुरुवातीला मोटारीतही 'कापणं' खरंच होतं. 'कूपे द व्हील' प्रकारात मागे प्रवाशांचा बंद कप्पा, आणि ड्रायव्हर पुढे उघड्यावर, घोडागाडीच्या गाडीवानासारखा. पुढे दोन दारं आणि उतरतं छप्पर एवढाच अर्थ राहिला. कॅडिलॅकने १९४९पासून 'कूप डव्हील' हे नाव साध्या दोन दारी गाडीला दिलं, आणि ड्रायव्हर केव्हाच आत आला होता. अमेरिकेत शेवटचा 'ए' गळून पडला, ते नुसतं 'कूप' म्हणतात.

१९६२मध्ये रोव्हरने चार दारांची गाडी कूपे म्हणून विकली. आता तर उंच एसयूव्हीचं छप्पर मागे थोडं उतरतं केलं की झाला कूपे. २०२४मध्ये आलेली आपली टाटा कर्व्ह त्यातलीच. मला स्वतःला ती दिसायला आवडते, पण नावातलं कापणं आता फक्त मागच्या सीटवरच्या उंच माणसाच्या डोक्याला जाणवतं.

जर्मनमास्तर

मूळ लेखात जर्मन यादीत आहे, पण आज जर्मनीत रेल्वेच्या कप्प्याला कूपे म्हणत नाहीत, 'आब्टाइल' म्हणतात. शब्द आपोआप गेला नाही, घालवला गेला. फ्रान्सशी १८७०-७१चं युद्ध झालं, जर्मन साम्राज्य उभं राहिलं आणि खात्याखात्यांतून फ्रेंच शब्द काढायची मोहीम सुरू झाली. टपालखात्याचे प्रमुख हाइनरिश फॉन श्टेफान यांनी टपालातले शब्द बदलले. रेल्वेतलं श्रेय ओटो साराझिन यांचं. प्रशियाच्या बांधकाम आणि रेल्वे खात्यातला हा अधिकारी. १८८६मध्ये त्यांनी प्रतिशब्दांचा कोशच काढला. कूपेचं आब्टाइल झालं, फलाटाच्या 'पेरों'चं बानश्टाइग, तिकिटाच्या 'बिलेट'चं फारकार्टे. पाट्या, तिकिटं, नियमपुस्तकं सगळ्यांवर एकच शब्द आला की लोकांच्या तोंडी बसायला एक पिढी पुरते.

आपल्याकडे शिवकाळातला राज्यव्यवहारकोश, नंतर सावरकरांची भाषाशुद्धी आणि 'महापौर'सारखे शब्द हे सगळं ज्यांनी वाचलंय त्यांना ही गोष्ट ओळखीची वाटेल. मला साराझिन यांच्याबद्दल आदर आहे, बानश्टाइग हा शब्द अर्थाने स्वच्छ आहे. पण कूपे गेला याची हळहळही वाटते.

मात्र स्वित्झर्लंड त्या साम्राज्यात नव्हतं. म्हणून ताई, तुमच्याकडे जर्मन बोलणारे लोक अजून पेरों, बिलेट, कोंडुक्टअर म्हणतात. सायकललाही 'व्हेलो'. बरोबर ना?

तिठ्यावरची

अगदी बरोबर, आणि बाझेलमध्ये हे पायी फिरून ऐकता येतं. मुख्य स्टेशनात स्विस माणूस 'पेरों' म्हणतो. त्याच इमारतीत फ्रेंच गाड्यांचा वेगळा भाग आहे, तिथे 'के'. आणि नदीपलीकडे बाडिशर बानहोफ आहे, स्विस जमिनीवर असूनही जर्मन रेल्वे चालवते ते स्टेशन, तिथे 'बानश्टाइग'. एका गावात फलाटाला तीन नावं. म्हाताऱ्या शेजारणीच्या तोंडी तर रेल्वेचा कूपेही अजून आहे.

लिएजची_सून

पेरोंचा विषय निघाला म्हणून आले. फ्रेंचमध्ये पेरों म्हणजे फलाट नव्हेच! इमारतीच्या दारासमोरच्या दगडी पायऱ्या. पॅरिसमध्ये राष्ट्राध्यक्ष पाहुण्यांचं स्वागत एलिझे राजवाड्याच्या पेरोंवर करतात, रोज बातम्यांत दाखवतात. शब्द 'पिएर'वरून, म्हणजे दगड. डच, पोलिश, रोमानियन, स्वीडिश, रशियन सगळ्यांनी त्याचा फलाट केला. रशियनमध्ये विमानतळावर विमानं उभी राहतात ती जागाही पेरों, आणि तुर्कीत तर एसटी स्टँडसारख्या तळावर बस लागते ती जागाही.

बेल्जियममधल्या आमच्या लिएजमध्ये मात्र पेरों म्हणजे या सगळ्यांहून वेगळं काही. बाजारचौकात दगडी खांब आहे, त्याचं नाव पेरों. शहराच्या स्वातंत्र्याची खूण. १४६७मध्ये बर्गंडीच्या ड्यूक शार्लने शहर नमवलं तेव्हा शिक्षा म्हणून हा खांब उचलून ब्रुझला नेला. तो लढाईत मेल्यावर, १४७८मध्ये, खांब परत आला. सासूबाईंनी लग्नानंतर पहिल्या आठवड्यात मला तिथे नेऊन हे सांगितलं, आणि सांगताना त्यांचा आवाज बदलला होता. त्यामुळे शेजारच्या डच भागात गेले आणि स्टेशनात 'पेरों ३' असं कुणी म्हटलं की मला अजून क्षणभर तो खांबच दिसतो.

गिरगावकर

कूपाँवरून आठवलं. मुंबईच्या लोकलची कूपनं! लहान पुस्तिका मिळायची, त्यातली कूपनं स्टेशनवरच्या यंत्रात सरकवून पंच करायची, मग गाडीत बसायचं. रांगेतून सुटका. माझ्या जुन्या पाकिटात दोन कोरी अजून आहेत, फेकवत नाहीत. ती 'कापलेली' म्हणून कूपनं, हे आज कळलं.

आणि एक प्रश्न: आपला फलाट कुठून आला?

शब्दकुतूहल

फलाट हे प्लॅटफॉर्मचंच मराठी रूप. आणि इंग्रजीने प्लॅटफॉर्म घेतला फ्रेंचमधून. 'प्लात-फॉर्म', म्हणजे सपाट आकार. फ्रेंच लोक स्टेशनात मात्र 'के' म्हणतात, मूळ अर्थ नदीचा धक्का. तेव्हा दादर काय नि बाझेल काय, दोन्हीकडे माणसं फ्रेंच शब्दावरच उभी असतात, फक्त वेगवेगळ्या.

माटुंगा_वर्कशॉप

मी रेल्वेच्या डबे दुरुस्तीच्या कारखान्यात ३४ वर्षं नोकरी केली. मूळ प्रश्नाचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही, म्हणून लिहितो.

फर्स्टच्या डब्यात केबिन म्हणजे समोरासमोर दोन बाजू. या बाजूला खाली-वर दोन बर्थ, त्या बाजूला खाली-वर दोन. झाले चार. कूपे करायचा म्हणजे यातली एक बाजू घ्यायचीच नाही. एकाच बाजूला खाली-वर बर्थ, आणि समोर पार्टिशन. म्हणून दोघंच. जुन्या बिनएसी फर्स्टमध्येही असाच होता. आम्ही कामावर म्हणायचो, "कूपे म्हणजे अर्धी केबिन." त्याचा फ्रेंच अर्थ कापलेला, हे मात्र निवृत्तीनंतर आज या धाग्यावर कळलं. तुमच्या घोडागाडीचं वर्णन वाचलं आणि डब्याचा नकाशाच डोळ्यांपुढे आला. एकच बाक, समोर काही नाही. इंग्रजांनी डब्यांबरोबर शब्द आणला तो त्याच मापाचा आणला आणि आम्ही तो त्याच मापात राखला.

तुमच्या आईंना समोर भिंत दिसली ना, तिथेच तो कापलाय.

तिठ्यावरची

काका, मनापासून आभार. हा प्रतिसाद मी आत्ताच आईला फोनवर वाचून दाखवला. शेवटची ओळ तिने दोनदा वाचायला लावली. मग बाबांना हाक मारून म्हणाली, "अहो, ऐकलंत का, आपल्या समोरचं बाक पार फ्रान्समध्ये कापलं होतं." बाबांनी कूपेतला काढलेला फोटो पाठवलाय. आई खालच्या बर्थवर मांडी घालून बसलीय, आणि समोरच्या भिंतीला तिने डब्याची पिशवी टेकवून ठेवलीय. उद्या तो रशियन बाईंना दाखवणार आहे.